मूठभर खडेमीठ

शांताबाई? आहेत ना, जातायत कुठे — मागे केळीत आहेत, येतील हात धुऊन. पण तू आधी बस गं, विरारहून आलीस एवढी, तेही ठरल्या वेळेच्या तासभर आधी — अकराचं ठरलंय ना आपलं? ग्रुपवर मीच टाकलं होतं, रविवारी अकरा वाजता वाडी-दर्शन, वसई स्टेशनबाहेरून मिनीबस, भुईगावच्या बसस्टॉपपुढे डावीकडची गल्ली. तू रिक्षाने आलीस वाटतं. बरं केलंस, आधी आलेल्याला निवांत बघायला मिळतं, एकदा ती पस्तीस माणसं आत शिरली की झाडं कोण बघतंय, नुसते मोबाइल वर. हां, तर मी प्रेमला. प्रेमलाताई. — ओळखलं नाहीस? असं कसं, ‘कुंडीतला संसार’ ग्रुपात आहेस ना तू, मग? फोटोत जास्वंदीला टेकून उभी आहे, काळा गॉगल लावून, ती मीच. समोर बघितलं की वय जरा जास्त वाटतं, ते सोड.

किती पानं तुझी? — सात. असू देत, लाजायचं काय त्यात, सगळे तिथूनच वर जातात. म्हणजे तू अजून बी. कुणाला तुझं उत्तर आवडलं की तो तुला एक पान देणार, अशी दहा झाली की अंकुर, शंभराला रोप, मग झुडूप, मग झाड, आणि दहा हजारांच्या वर गेलं की वड. साठ हजार माणसं आहेत ग्रुपात आणि वड किती? चार. एक नाशिकचे रिटायर कर्नल, एक कोथरूडच्या डॉक्टरीणबाई, एक दुबईत असतो — वाळवंटात वड, पण आहे खरा — आणि चौथी मी. बारा हजार चारशे सहा. सकाळी बघितली तेव्हा एवढी होती, आता वाढली असतील. आणि हे असं पाहिजेच बरं का. म्हणजे बघ, तू नवीन, तुझं झाड आजारी, तू विचारलंस — तर चाळीस जण चाळीस औषधं सांगणार, एक म्हणणार ताक घाल, एक म्हणणार दालचिनी भुरभुर, एक म्हणणार रोज सकाळी त्याच्याशी प्रेमाने बोल. ऐकायचं कुणाचं? ज्याची पानं जास्त, त्याचं. आणि ज्याची दहाच्या आत, त्याचं उत्तर घडी होऊन जातं, दिसतच नाही, नुसतं ‘अविश्वसनीय उत्तर, बघायचं असल्यास दाबा’ एवढंच येतं. कोण दाबतंय? शहाण्याने दाबू नये. भावेशने केलंय हे सगळं, आमचा अ‍ॅडमिन, नालासोपाऱ्याचाच मुलगा, कंप्युटरवाला. त्याच्या घरी एकच तुळस आहे आणि ती प्लास्टिकची, पण डोकं बघ कसं चालवलं. आज येतोय तो, माझ्यासाठी फ्रेम करून आणतोय — ‘वड’ असं लिहिलेली, माझ्या नावासकट.

घाई? रविवारी कसली गं घाई तुला. आणि ते काय ओलं ओलं धरून बसलीस मघापासून, ड्रेसवर पाणी गळतंय बघ — गजरा आणलास होय? काय गरज होती, वाडीवाल्यांना कुणी गजरा देतं का. पण प्रेमाने आणलास, दे, मी ठेवते ओट्यावर. — अगं सोड की, खात नाही मी. हां. राहील तिथे. श्रावण असला तरी ऊन बघ कसं कडक पडलंय, तुझा रुमाल पण वाळेल. शांताबाई येतील म्हटलं ना. त्यांचं नाव तुला कुणी सांगितलं पण? गल्लीत विचारलंस? गल्लीतले सांगणारच, गल्लीतल्यांना काय. त्या इथे असतात म्हणून सांगितलं असेल. म्हणजे वाडीचं बघतात त्या. पाणी, शेणखत, केळी, पानवेल, फुलं तोडणं, सगळं त्याच करतात, माझं आपलं मार्गदर्शन असतं. चांगल्या आहेत, बोलायला जरा कमी. तू वडाला सोडून त्यांच्याशी काय बोलणार? जे असेल ते मला विचार.

मी कुणाला नाही म्हणत नाही गं. तुमच्या विरारचाच एक प्रणव म्हणून आहे, त्याने विचारलं, ताई, गुलाबाला कळ्याच धरत नाहीत. मी म्हटलं, आमच्या वाडीत सुक्या मासळीचं खत घालतात, तू पण घाल, बघ कसा फुलतो. आता तो राहतो चौथ्या मजल्यावर, हे मला काय माहीत? घातलं त्याने, मार्केटमधून दोन किलो सुकट आणून घातली गॅलरीत. तिसऱ्या दिवशी अख्ख्या कॉलनीतली मांजरं त्याच्या दारात, पाचव्या दिवशी किडे, सातव्या दिवशी सोसायटीची नोटीस. गुलाब कुणीतरी जिन्यावरून खालीच फेकला म्हणे. पण हसू नकोस, पुढचं ऐक — त्या उत्तराला मला दोनशे वीस पानं मिळाली. ‘पारंपरिक ज्ञान’, ‘आपली माती’, ‘ताई, डोळ्यांत पाणी आलं’. आणि प्रणव? त्याचंही एक पान आहे त्यात. वाचल्या वाचल्या दिलं होतं ना त्याने, नंतर काढून घ्यायला विसरला. हे मला तिथे कळलं. लोक वाचून पान देतात, उगवून नाही. उगवेपर्यंत कोण थांबतंय, आणि मेलं तर परत येऊन सांगतं कोण? झाड मेलं की माणूस स्वतःलाच बोल लावतो — म्हणतो, माझाच हात वाईट. अजून एकाने मला येऊन सांगितलेलं नाही की ताई, तुमच्यामुळे मेलं. बारा हजार पानांत एकाने नाही.

तसं नाही गं, मी काही फसवत नव्हते कुणाला. तू अशी बघू नकोस. तुला सांगते, मी आचोळ्याला राहायला गेले ना — म्हणजे आमचं तिकडेही घर आहे, फ्लॅट, तिसरा मजला — तर तिकडे मी कोण होते? हरिभाऊंची मिसेस. बी विंग, तीनशे दोन. मुलगा हैदराबादला, हरिभाऊ पेपर उघडला की दुपारपर्यंत पेपरातच. एकदा दळण घेऊन येताना मी मोजलं, सकाळपासून मी तीन वाक्यं बोलले होते, आणि त्यातली दोन भाजीवाल्याशी. मग सलोनीने — नात आहे आमची, चुलत — मोबाइलवर हा ग्रुप लावून दिला, म्हणाली टाइमपास होईल. कुणीतरी विचारलं होतं, केळफूल कापताना हात काळे होतात, काय करू. मी लिहिलं, आधी हाताला तेल लावा. एवढंच. संध्याकाळपर्यंत एकोणीस पानं. एकोणीस माणसांना माझं म्हणणं पटलं, तेही न ओळखणाऱ्या. लग्नाला छत्तीस वर्षं झाली माझ्या, मला कुणी विचारलं नव्हतं, प्रेमला, तुला काय वाटतं. इथे रोज विचारायला लागले. मला रडू आलं होतं त्या दिवशी, खोटं कशाला सांगू. मग उत्तरं देत गेले. आठवेल ते लिहायचं, न आठवलं तर ‘आमच्या सासूबाई म्हणायच्या’ असं सुरू करायचं, सासूबाई काय येतायत सांगायला.

आणि फोटो लागतात. नुसत्या उत्तरावर कुणी झाड होत नाही, फोटो पाहिजे. आता फ्लॅटमध्ये माझ्याकडे काय आहे — एक कोरफड. ती पण... असो. म्हणून दर पंधरा दिवसांनी इथे यायचं, शांतावयनींना म्हणायचं, सहज आले हो, आणि मागे जाऊन केळीचा घड, पानवेल, मोगरा, सोनचाफा, सगळ्यांचे फोटो काढून आणायचे. रोज एक टाकायचा — ‘आज आमच्या वाडीत’. आमच्या म्हणजे — आमच्याच की. या घरची सून आहे मी. धाकटी. हो, जाऊ आहेत त्या माझ्या, मोठ्या जाऊबाई, मी कुठे म्हटलं कामाला आहेत? मी म्हटलं, वाडीचं बघतात. बघतातच त्या.

ते गाणं ऐकू येतंय ना, कुंपणापलीकडून? रिसॉर्ट आहे. ती निळी घसरगुंडी दिसतेय बघ झाडांच्या वरून, पाण्यातली, रविवारी सगळी मुंबई घसरते तिच्यावरून. तिथे आमचा वाटा होता. आमचा म्हणजे माझा आणि हरिभाऊंचा. घसरगुंडी जिथे संपते ना, तिथे विहीर होती, आणि विहिरीवर रायआवळा. आम्ही दिला वाटा आणि आचोळ्याला गेलो, मला लाइट-लिफ्ट पाहिजे होती, चिखलाचा कंटाळा आला होता, आठ वर्षं शेण कालवलं होतं मी या हातांनी. वयनींनी त्यांचा ठेवला. म्हणजे बघ गंमत — ज्यांनी ठेवला, त्यांची पानं तीन, आणि जिने विकला, ती वड. नाव सोनूबाई म्हणतात ना, तसलं झालंय, हे मला कळत नाही असं समजू नकोस.

आजचं कसं ठरलं, ते सांगते. भावेशनेच पिल्लू सोडलं, प्रेमलाताईंची वाडी प्रत्यक्ष बघू या. मी म्हटलं पाऊस आहे, मी म्हटलं पाय दुखतो, मी म्हटलं हरिभाऊंचं ऑपरेशन — त्यांना काहीही झालेलं नाही, ठणठणीत आहेत. पण लोक ऐकेनात. नाही म्हटलं असतं तर शंका आली असती, आणि शंका आली की तक्रार, तक्रार पटली की पानगळ. पानगळ म्हणजे सगळी पानं एकदम जातात, नावाशेजारी वाळकी काडी येते, सगळ्यांना दिसेल अशी. कर्नलसाहेबांच्या आधी पुण्याचे एक वड होते, त्यांची झाली, आता ते ग्रुपात गुड मॉर्निंगसुद्धा घालत नाहीत. म्हणून मी गेल्या मंगळवारी इथे आले, वयनींचे पाय धरायचे बाकी ठेवले. म्हटलं, एक दिवस, वयनी, दोन तास, वाडी माझी म्हणून सांगते, तुम्ही फक्त मागे राहा. मला वाटलं, चिडतील, हाकलतील, म्हणतील तुझा वाटा घसरगुंडीखाली आहे, तिकडे ने पाहुण्यांना. तर त्या कोयता धूत होत्या, वर न बघता म्हणाल्या, “सांग की तुझी. केळ काय मालकाचं नाव विचारून घड धरते काय?” झालं. एवढंच. आणि पस्तीस माणसांना पुरेल इतकं शहाळं आहे, म्हणाल्या, उतरवून ठेवते. मला इतका राग आला, तुला सांगते — भांडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

बघ, पुन्हा उठलीस. बस गं. माझं एक सांगून होऊ दे, मग मी स्वतः नेते तुला मागे. त्यांची तीन पानं म्हटलं ना मी? सलोनीने त्यांचंही खातं उघडलं होतं, ‘शांता भुईगाव’, हौस पोरीची. जूनमध्ये काय झालं, विरारच्याच कुणीतरी विचारलं, गॅलरीत ड्रममध्ये सोनचाफा आहे, कळ्या काळ्या पडून गळतायत, काय करू. आता चाफ्याचं मला — पण डोळ्यांसमोर सासूबाई आल्या, पावसाच्या तोंडावर सुपात खडेमीठ घेऊन वाडीत फिरायच्या, बुंध्याशी मूठ मूठ घालायच्या. मी लिहून टाकलं, मूठभर खडेमीठ घाला, आठवड्यातून एकदा, आमची पिढ्यांची पद्धत आहे. तीनशे चाळीस पानं आली. ‘समुद्राकाठचं शहाणपण’, असं लिहिलं कोथरूडच्या बाईंनी, स्वतः. आणि खाली वयनींचं उत्तर — म्हणजे त्या बोलल्या आणि सलोनीने जसंच्या तसं टाइप केलं — “मीठ माडाला घालतात. चाफ्याला घालू नका, मरेल. घातलं असेल तर भरपूर पानी सोडा, माती बदला. जगली फांदी तर काडी घेऊन या, कलम बांधून देते.” बस. ना नमस्कार, ना इमोजी.

माडाला. हो, आठवलं मला वाचल्यावर, त्या माडांनाच घालायच्या, बाकीच्या झाडांना वळसा घालून जायच्या. तेव्हाच खोडायला हवं होतं मी माझं उत्तर, दोन मिनिटांचं काम. पण तीनशे चाळीस पानं होती गं त्याला. आणि खालून ते तीन ओळींचं — वर पिढ्यांची पद्धत म्हणणारी मी आणि खाली त्याच घरातली मोठी जाऊ म्हणते, मरेल. कुणी जोडलं असतं, दोघी भुईगावच्याच... म्हणून मी तक्रार केली. बटण असतं, ‘चुकीची माहिती’ म्हणून. साध्या माणसाच्या वीस तक्रारी लागतात, वडाची एक पुरते. दाबलं आणि झालं, उत्तर घडीत होतंच, आता खातंही तीन महिने बंद. सलोनी रडली. वयनी म्हणाल्या, बरं झालं, चष्मा लागत होता. त्यांना अजून माहीत नाही, कुणी केली ते. तू सांगू नकोस हां. मी तुला का सांगतेय हे पण मला कळत नाही, तू गप्प बसून ऐकतेस ना, त्यामुळे होतं असं. तीन पानं होती त्या उत्तराला, एक सलोनीचं, एक तिच्या मैत्रिणीचं, आणि तिसरं कुणाचं ते मला आजपर्यंत कळलं नाही — घडी उघडून कोण वाचत बसतं?

काय दाखवतेस? थांब, चष्मा लावू दे. हा फोटो... ड्रम आहे. निळा ड्रम, गॅलरी. हे झाड — एक बाजू पूर्ण वाळलीय याची. क्षितिजा विरार. क्षितिजा... हे तर त्या प्रश्नाचं नाव — तू? तू विचारलं होतंस?

आणि तिसरं पान तुझं.

नाही, बस. बस म्हणते ना. किती घातलंस मीठ? मूठभर म्हणजे माझी मूठ धरायची गं, बघ केवढीशी आहे, तू मापाने घातलं असशील. ड्रमला भोकं होती का खाली? पुष्कळ जण भोकंच पाडत नाहीत आणि मग — चार वेळा? मी आठवड्यातून एकदा लिहिलं होतं म्हणून चार आठवडे? अगं पण पहिल्याच वेळेला पानं करपली असतील ना, तेव्हा थांबायचं, आपलं आपल्याला कळायला नको? — हो. वडाने सांगितलं म्हणून. हो, बरोबर आहे. मग पाचव्या आठवड्यात घडी उघडलीस. माती बदललीस, पाणी सोडलंस. एक फांदी राहिली, आणि ती पण परवापासून मान टाकतेय. वयनींना विचारायला गेलीस तर खातं बंद. मग भुईगाव शोधत आलीस आमच्या मिनीबसच्या आधी, त्यांना एकटं गाठायला. मला वाटलं, मला भेटायला आलीस. मघापासून मी तेच धरून बसले होते की बघा, एक मुलगी तासभर आधी आली माझ्यासाठी.

कुणी लावलेलं झाड? — आईने. आई आहे ना? — कधी गेली? — तीन वर्षं. अरे देवा. म्हणजे ते तिचं शेवटचं... आणि मी पिढ्यांची पद्धत म्हणून... हे बघ, तू मला आत्ता काहीही बोल, मी ऐकून घेईन. तू पहिली आहेस, ठाऊक आहे ना, परत येऊन सांगणारी. बाकीचे किती असतील, मीठ घातलेले — तीनशे चाळीसांतले किती? मला माहीतच करून घ्यायचं नव्हतं कधी. पण ऐक, हे सगळं आपल्या दोघींत ठेव. शब्द दे मला. भावेशपुढे बोलू नकोस, झाकली मूठ आहे ती तशी राहू दे आजचा दिवस, मी उद्या ते उत्तर काढते, वयनींवरची तक्रार मागे घेते, आईशप्पथ, पण आज नको, आज फ्रेम — तिकडे काय बघतेस सारखी? ओट्याकडे? काय आहे त्या रुमालात?

काडी.

काडी आणलीस तू, कलमाची. आणि मी गजरा म्हणून उन्हात ठेवली. अगं बोलायचं नाहीस का — नाही, बोललीस तू, दोनदा उठलीस, मीच बसवलं. वाळला बघ रुमाल, खडखडीत. बाटली दे तुझी, पाण्याची, ओत यावर, सगळी ओत, पाय भिजू देत. कधी कापलीस? सात वाजता? साडेदहा झाले. मला काय कळतंय, हिरवी आहे का सालीखाली, मला नाही कळत गं, मला फुलं असली की चाफा कळतो, काडी कळत नाही. — तो बसचा हॉर्न आहे, गल्लीच्या तोंडाशी आले ते. लवकर आले. येऊ देत. चल. धर माझा हात, इथे शेवाळ आहे, घसरशील. शांतावयनी... ओ वयनी... असेल तशा या, हात धुऊ नका. चाफ्याची काडी आलीय. हो, ती मिठाची. तीच. मीच सांगितलं होतं मीठ, आणि तुमच्यावर तक्रार पण मीच केली, ते नंतर बोला मला, आधी ही बघा.

नखाने खरवडतायत बघ, आता बोलू नकोस. — हिरवं आहे म्हणतायत. थोडं आहे, पण आहे. कुंपणाजवळच्या पिशवीतलं रोप आणायला सांगतायत, थांब, मी आणते, कुठलं, हे? हां, हे. आता पाचर मारतील बघ, वरून शेंडा कापायचा, खाली खुंट ठेवायचा, त्याला मधे चीर द्यायची, काडी तासून तिच्यात बसवायची. मी बघितलंय हे आठ वर्षं, कधी लक्ष नाही दिलं. काय वयनी? धरू? मी? दोन्ही हातांनी, हालता कामा नये... धरलं. नाही हालणार. बांधा तुम्ही.

क्षितिजा, तू जा फाटकाशी. ते हाका मारतायत, प्रेमलाताई, प्रेमलाताई करून, मला हात सोडता येत नाहीत. काय सांगू म्हणजे? सांग, वाडी शांताबाईंची आहे. आणि प्रेमला तिच्या जाऊबाईला खुंट धरून देतेय. शहाळी ओट्याखाली आहेत म्हणावं, आपली आपण घ्या. फ्रेम असू दे गाडीतच. फोटो काढायचा असेल कुणाला तर वयनींचा काढा, माझे हात आले तर येऊ देत. आणि आवाज करू नका म्हणावं, काडी हालते. जा.